टिळकवाडीत चार दिवसांचा मुक्काम: कोणत्या दिशेला केव्हा जावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचे एक कुटुंब आठ आणि बारा वर्षांची दोन मुले व गुडघेदुखी असलेल्या सासूबाई यांच्यासह बेळगावच्या टिळकवाडीत नातेवाइकांकडे चार दिवस राहणार आहे. गणपतीच्या सुट्टीत यावे की दिवाळीच्या, हे अजून ठरायचे आहे. मुलांना धबधबा आणि प्राणीसंग्रहालय हवे आहे, सासूबाईंना देवदर्शन हवे आहे, आणि हाताशी असलेल्या यादीत गोकाक, आंबोली, सौंदत्ती, दांडेली, दूधसागर व कित्तूर ही सहा नावे आहेत.

बाहेरगावच्या कुटुंबांच्या सहली आखून देणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे, त्यामुळे आधी निर्णय सांगतो आणि मग कारणे. शक्य असेल तर गणपतीच्या सुट्टीत या. यादीतून दांडेली, दूधसागर आणि सौंदत्ती काढून टाका. उरलेल्या ठिकाणांची आखणी नकाशावरच्या अंतराकडे पाहून करू नका, पाण्याकडे पाहून करा. बेळगाव परिसरात कोणत्या महिन्यात कोणत्या दिशेला पाणी असते, एवढे कळले की सहल निम्मी आखून झाली असे समजावे.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेला खानापूर, चंदगड आणि आंबोलीचा घाटमाथा आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला गोकाककडे निघालात की तास-दीड तासात ज्वारी, मका आणि उसाची सपाट शेते सुरू होतात, आणि तिथे आंबोलीच्या दशांशानेही पाऊस पडत नाही. तरीही जिल्ह्यातला सर्वांत मोठा धबधबा याच कोरड्या मुलुखात आहे. याचे कारण असे की गोकाकचा धबधबा गोकाकच्या पावसावर चालत नाही. घटप्रभा उगम पावते ती घाटमाथ्यावर, आणि आंबोलीहून निघणारी हिरण्यकेशी संकेश्वरवरून येऊन तिलाच मिळते. घटप्रभेचे पाणी आधी हिडकलच्या धरणात अडते, पुढे ढुपदाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यात वळवले जाते, आणि त्यातून जे उरते ते गोकाकच्या कड्यावरून सुमारे 52 मीटर खाली कोसळते. घाटात भरपूर पाऊस होऊन धरणातून विसर्ग सुरू झाला की गोकाकला आभाळ कोरडे असतानाही धबधबा दुथडी भरून वाहतो. विसर्ग थांबला की चार सरी पडूनही काळ्या-तांबड्या खडकावर दोन बारीक धारा दिसतात. निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानिक मराठी वृत्तपत्रात हिडकलच्या विसर्गाची बातमी असते ती वाचावी. हवामानाच्या अंदाजापेक्षा तीच अधिक उपयोगाची आहे.

मी गणपतीची सुट्टी सुचवतो त्यामागे हाच हिशेब आहे. भाद्रपदात पावसाचा जोर ओसरू लागलेला असतो, धरण बहुधा भरलेले असते, आणि रस्त्यावर दिवसभर छत्री उघडी धरून बसण्याची वेळ येत नाही. दिवाळीत रस्ते व पायऱ्या कोरड्या असतात, म्हणून केवळ सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार केला तर दिवाळी सोयीची पडेल. परंतु तोवर गोकाकचे पाणी बरेच उतरलेले असते, आणि धबधब्यासाठी हट्ट धरून आलेली मुले ओल्या खडकाकडे पाहून हिरमुसतात. दिवाळीतच यायचे ठरले तर 1 नोव्हेंबरची तारीख तेवढी पाहून घ्या. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मोठी मिरवणूक असते आणि मराठी भाषिकांचा काळा दिनही असतो, त्यामुळे शहराच्या मध्यभागातून गाडी नेण्याचा बेत ठेवू नये. डिसेंबरमध्ये इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते, त्या पंधरवड्यात लॉजच्या खोल्या मिळणे कठीण होते. आपण नातेवाइकांकडे उतरणार असल्याने आपल्याला ती अडचण नाही, पण इतर वाचकांनी लक्षात ठेवावे.

पहिला दिवस शहरासाठी ठेवा, आणि त्याची सुरुवात किल्ल्यापासून करा. टिळकवाडीहून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटे लागतात. भाडे बसण्याआधी ठरवून घ्यावे, कारण इथे रिक्षाच्या मीटरवर विसंबता येत नाही. किल्ला रट्ट राजघराण्याच्या काळात, 1204 मध्ये बांधला गेला, आणि कमल बस्ती हे जैन मंदिर त्याच काळातले आहे. आत शिरल्यावर मुलांना मान वर करायला सांगा. छताच्या मधोमध दगडात कोरलेले कमळ खाली लोंबते, आणि त्याच्या 72 पाकळ्या भूत, वर्तमान व भविष्य अशा तिन्ही काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकरांसाठी आहेत असे मानले जाते. बारा वर्षांच्या मुलाला पाकळ्या मोजायला लावले तर मोठ्यांना अर्धा तास निवांत मिळतो. त्याच तटाच्या आत रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले, तेव्हा आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे आणि नंतर किल्ल्यात वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी राहिले. ते घर आश्रमाने जपले आहे, आणि सासूबाईंना बसायला त्याहून शांत जागा शहरात मला तरी माहीत नाही. किल्ल्याचा काही भाग लष्कराच्या ताब्यात आहे, तिथे छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे. बाहेर पडताना किल्ला तलावाच्या काठी 110 मीटर उंचीचा ध्वजस्तंभ दिसतो. मुलांना तो आवडतो, पण खास त्यासाठी वेळ काढण्याची आवश्यकता नाही.

दुपारी घरी परतून विश्रांती घ्या आणि संध्याकाळी टिळकवाडीतच फिरा. पाहुणे ज्या उपनगरात उतरतात ते पाहायचे राहून जाते, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. इथले पत्ते रेल्वेच्या पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या गेटावरून सांगितले जातात, तेवढे समजून घेतले की वाट चुकत नाही. काँग्रेस रस्त्याला ते नाव मिळाले ते 1924 च्या अधिवेशनामुळे. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव काँग्रेस अधिवेशन, आणि ते याच टिळकवाडीत भरले होते. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे आणि तिच्या शेजारी वीरसौध हे स्मारक आहे. पहाटे लवकर उठणाऱ्यांनी व्हॅक्सिन डेपोच्या आवारात एक फेरी मारावी. जुनी उंच झाडे, सपाट वाटा आणि फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी असे तिथले वातावरण असल्याने सासूबाईंना ओळखीपाळखी करायला वेळ लागणार नाही.

गणपतीत आलात तर संध्याकाळी मंडळांचे देखावे पाहणे हा स्वतंत्र कार्यक्रम होतो. गाडी घरीच ठेवा, कारण गल्ल्या मांडवांनी अरुंद झालेल्या असतात आणि पार्किंग शोधण्यात देखाव्यांपेक्षा अधिक वेळ जातो. विसर्जनाची मिरवणूक हुतात्मा चौक, टिळक चौक, शनिमंदिर अशी कपिलेश्वर तलावाकडे जाते, आणि ती दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. लहान मुलांना घेऊन ती पाहायची असेल तर संध्याकाळी लवकर पाहून घरी परतावे. रात्री ढोल-ताशा आणि डॉल्बीच्या गर्दीत गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेणे बरे नव्हे. कपिलेश्वराचे दर्शन मात्र विसर्जनाच्या दिवशी न घेता आधीच्या एखाद्या सकाळी घ्यावे. दक्षिण काशी म्हणून इथे त्याची ख्याती आहे. दिवाळीत आलात तर या देखाव्यांच्या जागी गल्लोगल्ली मुलांनी माती-दगडांचे किल्ले केलेले दिसतील. बेळगावची मुले त्यात तट, बुरूज आणि माची यांचा बारकावा इतका सांभाळतात की आपल्या मुलांनी ते पाहणे एखाद्या उद्यानात घसरगुंडीवर खेळण्यापेक्षा कितीतरी चांगले.

दुसरा दिवस पूर्वेचा. सकाळी लवकर निघून महामार्गाने आधी भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालयात जावे. ते शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, कोल्हापूरच्या दिशेला आहे. ते म्हैसूरच्या संग्रहालयाएवढे मोठे असेल अशी अपेक्षा ठेवू नका. आकार बेताचा आहे, पण सकाळी सिंह व बिबटे जागे असतात आणि चालावे लागते तेही झेपण्याइतके. साप्ताहिक सुट्टीचा वार फोनवरून विचारून घ्यावा. तिथून हत्तरगीमार्गे गोकाकचा धबधबा गाठावा. वाटेत जेवणाची सोय असली तरी पाण्याच्या बाटल्या व मुलांचा खाऊ सोबत असू द्यावा.

गोकाकला लोक घाईने येतात आणि कठड्याला टेकून छायाचित्र काढून अर्ध्या तासात निघतात. तसे करू नका, कारण तिथे पाण्याखेरीजही पाहण्यासारखे बरेच आहे. कड्याच्या काठावरची कापडगिरणी 1885 च्या सुमारास उभी राहिली, आणि पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर इथे 1887 मध्येच वीज निर्माण झाली. देशातल्या बहुतेक शहरांत घासलेटचे दिवे जळत होते, तो हा काळ. कठड्यावरून नालाच्या आकाराचा कडा आणि त्याखालची दरी एका नजरेत दिसते. पावसाळ्यात पाणी गढूळ तांबूस असते, तुषार चेहऱ्यावर येतात आणि शेजारच्याशी मोठ्याने बोलावे लागते. नदीवर सुमारे 200 मीटर लांबीचा झुलता पूल आहे, मात्र तो खुला असेलच असे गृहीत धरू नये. जवळच महालिंगेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे, तिथे सासूबाईंना दर्शन आणि सावली दोन्ही मिळतील. एक गोष्ट निक्षून सांगतो: पाणी कमी असताना लोक कड्याच्या माथ्यावरील सपाट खडकावर चालत जातात, तसे कदापि करू नका. खडक शेवाळाने निसरडा असतो आणि वरून विसर्ग वाढला तर पाणी किती वेळात चढेल याचा अंदाज बांधता येत नाही. वेळ उरल्यास मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबा पाहता येतो. तो टप्प्याटप्प्यांनी उतरतो आणि गोकाकपेक्षा तिथे वर्दळ कमी असते. परतताना गोकाकचा करदंट घ्यावा. डिंक, सुकामेवा आणि गूळ यांची ही वडी चिवट असते, तेव्हा कवळी वापरणाऱ्यांनी बेताने खावी.

उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की मे महिन्यात गोकाकला न जाता हिडकलच्या जलाशयाकडे जावे. पाणी ओसरले की हुन्नूरचे बुडालेले विठ्ठल मंदिर उघडे पडते आणि माणसे गाळातून चालत दर्शनाला जातात.

तिसरा दिवस दक्षिणेचा, म्हणजे खानापूर तालुक्याचा, आणि माझ्या मते चारही दिवसांत तोच सर्वांत समृद्ध ठरेल. तिथे हलशी आहे, आणि हे नाव आपल्या यादीत नाही याचे मला नवल वाटत नाही, कारण ते कुणाच्याच यादीत नसते. बेळगावहून सुमारे चाळीस किलोमीटरवरचे हे आज छोटेसे मराठी बोलणारे गाव एके काळी कदंब राजांची पलाशिका नगरी होते. गोव्याच्या कदंबांच्या काळातले, बाराव्या शतकातले भूवराह-नरसिंह मंदिर गावाच्या मधोमध उभे आहे. सामान्यतः मंदिराला एक गाभारा असतो आणि समोर मंडप. इथे एकाच मंडपाच्या दोन टोकांना दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधोमध उभे राहिले की एका बाजूला नरसिंह व विष्णूची मूर्ती आणि पाठ फिरवली की दाताच्या टोकावर पृथ्वी तोललेला भूवराह दिसतो. मंडपाचे खांब हाताने चाचपून पाहण्याजोगे गुळगुळीत आहेत आणि भर दुपारीही आत गारवा असतो. पायऱ्या थोड्याच आहेत, गाडी मंदिराजवळ जाते, आणि भाषेची अडचण तर मुळीच नाही. गावात चांगल्या जेवणाची सोय नाही, त्यामुळे डबा बांधून न्यावा किंवा जेवायला खानापुरात यावे.

हलशीच्या दौऱ्याला नंदगडची जोड द्यावी. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सहकारी संगोळी रायण्णा याला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 रोजी नंदगडला फाशी दिली, आणि तिथे वडाच्या झाडाखाली त्याची समाधी आहे. लोक नवस बोलून झाडाला पाळणे बांधतात, ते दृश्य मुलांना पाहू द्यावे आणि प्रश्न विचारू द्यावेत. परतताना खानापूरजवळ मलप्रभेच्या काठी असोगा येथे रामलिंगेश्वराचे दर्शन घेऊन नदीकाठी बसावे. पावसाळ्यात मात्र पात्रात कोणीही उतरू नये. इतिहासाची आवड असलेल्या मोठ्या माणसांनी नंदगडऐवजी कित्तूर निवडले तरी चालेल. 23 ऑक्टोबर 1824 रोजी चन्नम्माच्या सैन्याशी झालेल्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला तो हा किल्ला. आज वाड्याची जोती, भिंती आणि एक संग्रहालय उरले आहे, पण ऊन चढल्यावर तिथे सावली फारशी नाही.

खानापूरच्या जंगलातील वज्रपोहा, चिखले इत्यादी धबधब्यांची चित्रे मुलांनी मोबाईलवर पाहिली असतील. अलीकडच्या पावसाळ्यांत वनखाते व पोलीस तिथे प्रवेशबंदी घालतात, आणि ती मोडणाऱ्यांवर गुन्हेही नोंदवले जातात. शेजारी भीमगड अभयारण्य आहे, वाटा ओढ्यांतून जातात, मोबाईलला रेंज नसते. कुणी वाटाड्या ‘मी नेतो, काही होत नाही’ म्हणाला तरी कुटुंबासह जाऊ नये.

चौथ्या दिवशी पश्चिमेला आंबोली, पण वार पाहून. शनिवार-रविवारी बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा या तिन्ही बाजूंच्या गाड्या एकाच घाटात येतात, म्हणून हा दिवस सोमवार ते गुरुवारात बसवावा आणि गरज पडल्यास दिवसांचा क्रम बदलावा. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र लागतो आणि सुमारे पासष्ट-सत्तर किलोमीटरचा रस्ता पाटणे फाट्यावरून पुढे भातशेती व जंगलातून जातो. आंबोलीच्या अलीकडे नांगरतास येथे पाणी एका अरुंद फटीत कोसळते आणि ते कठड्याआडून सुरक्षित पाहता येते. मुख्य धबधबा तर रस्त्यालाच लागून आहे, सासूबाईंना गाडीची काच खाली करूनही दिसेल. कावळेसाद या दरीच्या कड्यावर धुके असेल तर समोर पांढऱ्याशिवाय काहीच दिसणार नाही; दहा मिनिटे थांबावे, नाहीतर पुढे निघावे.

हिरण्यकेशीला मात्र अवश्य जावे. देवळामागच्या गुहेतून नदी बाहेर येते, आणि दुसऱ्या दिवशी गोकाकला पाहिलेल्या पाण्यात हिचाही वाटा आहे हे मुलांना तिथेच सांगावे. देवळाच्या कुंडात 2020 मध्ये माशाची एक नवी प्रजाती नोंदवली गेली आणि 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्यामुळे कुंडात पाय बुडवणे, फुले किंवा बिस्किटे टाकणे टाळावे. दगडी वाट ओली असते, सासूबाईंसाठी काठी आणि रबरी तळाच्या चपला हव्यात.

आंबोलीसाठी दिवसभर प्रवास नको वाटला तर पर्याय शहराजवळच आहे. सकाळी चंदगड तालुक्यातील देवरवाडीच्या वैजनाथाचे दर्शन घ्यावे, आणि दुपारनंतर येळ्ळूरच्या राजहंसगडावर जावे. गाडी गडाच्या दाराजवळपर्यंत जाते, आत सिद्धेश्वराचे मंदिर आहे, आणि 2023 मध्ये शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभारण्यात आला आहे. तटावर उभे राहिले की येळ्ळूरचे हिरवे भाताचे शिवार आणि त्यापलीकडे पसरलेले शहर दिसते. वारा फार असतो, मुलांच्या टोप्या सांभाळा.

आता मी काढून टाकलेल्या नावांविषयी. दूधसागर गोव्यात आहे, पावसाळ्यात जीपगाड्या बंद असतात आणि रुळांवरून चालत जाण्यास रेल्वेची मनाई आहे. ज्येष्ठांसह तो बेत होत नाही. दांडेलीला किमान एक रात्र मुक्काम हवा. सौंदत्तीची यल्लम्मा आपली कुलदेवता असेल तर मात्र माझा सल्ला बाजूला ठेवून आंबोलीच्या जागी तिथेच जावे. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा वगळल्यास दर्शन सुखाने होते.

वाहनाविषयी सांगायचे तर चालकासह स्थानिक गाडी भाड्याने घ्यावी. गावांच्या पाट्या बहुतांशी कन्नडमध्ये असतात, आणि गोकाक भागात मराठी समजणारे भेटले तरी वाट विचारताना चालकाचे कन्नड उपयोगी पडते. एसटीसारख्या इथल्या सरकारी बसगाड्यांत महिलांना मोफत प्रवास आहे तो कर्नाटकातील रहिवाशांसाठी, आपल्याला तिकीट काढावे लागेल.

खाण्यात मांडे नुसते खाऊ नका, करताना पाहा. नातेवाइकांच्या ओळखीने एखाद्या घरगुती कारागीर बाईंकडे जाता आले तर उत्तम. पिठीसाखरेचे सारण भरलेली पोळी त्या हातावर घेऊन दोन्ही कोपरांपर्यंत पसरवत नेतात, आणि ती पारदर्शक झाली की चुलीवरच्या पालथ्या कढईवर अलगद टाकतात. काही क्षणांत घडी घालून उतरवावी लागते, नाहीतर ती कडक होऊन मोडते. कुंदा शेवटच्या दिवशीच घ्यावा, कारण तो दुधाचा पदार्थ आहे आणि उन्हात गाडीत ठेवला तर आंबतो. रवाळ, खमंग आणि फिकट तपकिरी असेल तो निवडावा, फार काळसर असेल तर साखर करपलेली असण्याचा संभव असतो. रात्रीच्या गाडीने मिरज-पुणेमार्गे परतणार असाल तर संध्याकाळी खरेदी करून थेट स्थानकावर जाता येते.